गावात राहणारे आणि यादीत असणारे : शिरूर-दौंडच्या मतदानाचा पट

भीमा नदीच्या उत्तरेला शिरूर आणि दक्षिणेला दौंड असे पुणे जिल्ह्याचे दोन तालुके एकमेकांना लागून आहेत आणि २०११ च्या जनगणनेत त्यांची लोकसंख्या जवळपास सारखीच, म्हणजे अनुक्रमे सुमारे ३ लाख ८५ हजार आणि ३ लाख ८० हजार इतकी नोंदली गेली. दोन्हीकडे ऊस, कांदा आणि दूध यांवर घरखर्च चालतो, दोन्हीकडे औद्योगिक वसाहती आहेत, नदीवरील पुलांमुळे सोयरीक आणि बाजारहाट यांचे येणेजाणेही रोजचे आहे. तरीही २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत दौंडची मतदारयादी साधारण सव्वातीन लाखांच्या आतबाहेर होती, तर शिरूरची साडेचार लाखांच्या पुढे गेली होती. दौंडमधील लढत चुरशीची झाली, तर शिरूरमध्ये निकाल सुमारे ७४ हजारांच्या मताधिक्याने लागला. शेजारी राहणाऱ्या आणि सारखीच पिके घेणाऱ्या लोकांच्या राजकारणात एवढे अंतर का पडते, हा प्रश्न या दोन तालुक्यांपुरता मर्यादित नाही, पण त्याचे उत्तर शोधायला ही जागा फार सोयीची आहे.

एखाद्या वस्तीत कोण राहते, त्यांचे वय, जात, धर्म, व्यवसाय, शिक्षण आणि जमीनधारणा काय, ते तेथे किती पिढ्यांपासून आहेत, या सर्वांच्या मिळून होणाऱ्या चित्राला लोकरचना म्हणतात. निवडणुकीच्या काळात या लोकरचनेवरून दोन निष्कर्ष काढले जातात : तेथे मतदान किती होईल आणि ते कोणाला होईल. चावडीवरच्या गप्पांपासून वाहिन्यांवरील चर्चेपर्यंत हे दोन निष्कर्ष एकाच दमात काढले जातात, पण ते एका योग्यतेचे नाहीत. शिरूर आणि दौंडचा अनुभव असा आहे की, लोकरचनेवरून मतदानाच्या प्रमाणाचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो, मतांच्या दिशेचा अंदाज मात्र वारंवार फसतो.

अशा अभ्यासाचे मुख्य साधन म्हणजे निवडणूक आयोगाचा नमुना २०. मतमोजणीनंतर प्रत्येक मतदारसंघासाठी तयार होणाऱ्या या तक्त्यात डावीकडे मतदान केंद्राचा क्रमांक असतो, पुढे प्रत्येक उमेदवाराला त्या केंद्रावर मिळालेली मते, मग वैध मतांची बेरीज, ‘नोटा’ आणि एकूण मतदान अशी घरे असतात आणि अगदी तळाशी टपाली मतांची ओळ येते. त्यात जात नसते, धर्म नसतो, व्यवसाय नसतो. असतात ते फक्त आकडे. परंतु अमुक क्रमांकाचे केंद्र म्हणजे अमुक गावाची जिल्हा परिषद शाळा आणि तिला जोडलेल्या अमुक वाड्या, हे कार्यकर्त्यांना तोंडपाठ असते आणि म्हणून निकालानंतरच्या दोन-चार दिवसांत कोणत्या आळीने ‘लीड’ दिले आणि कोणत्या मळ्याने हात आखडला याचा हिशेब गावोगाव पूर्ण होतो. मतपत्रिकांच्या काळात मोजणीपूर्वी वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळण्याची सोय होती. मतदान यंत्रे आल्यावर केंद्रनिहाय आकडे थेट उघड होऊ लागले. अनेक यंत्रांची मते एकत्र मोजणाऱ्या ‘टोटलायझर’ या साधनाचा प्रस्ताव आयोगाने पूर्वी मांडला होता, पण तो अमलात आला नाही. संशोधकाला उपयोगी पडणारा हाच तक्ता, शे-दीडशे घरांच्या वाडीसाठी मात्र गुप्त मतदानाचे संरक्षण पातळ करणारा ठरतो, कारण त्या वाडीचा रस्ता पुढच्या पाच वर्षांत होणार की नाही हे ठरवणाऱ्याच्या हातात तो तक्ता असतो.

जातीच्या आकड्यांबाबत तर आणखी सावध राहायला हवे. १९३१ नंतरच्या जनगणनांमध्ये अनुसूचित जाती आणि जमाती वगळता इतर जातींची संख्या प्रसिद्ध झालेली नाही. जातगणना करण्याचा केंद्र सरकारचा निर्णय एप्रिल २०२५ मधला आहे. म्हणजे आजवर प्रत्येक निवडणुकीत ‘मराठा इतके, धनगर इतके, माळी इतके’ असे जे कोष्टक छातीठोकपणे मांडले जाते, ते आडनावांवरून आणि अंदाजावरून बनवलेले असते. मराठा समाज दोन्ही तालुक्यांत संख्येने मोठा आहे, दौंडच्या जिरायत पट्ट्यात धनगर वस्त्या लक्षणीय आहेत आणि दोन्हीकडे माळी, बौद्ध, मातंग, रामोशी, मुस्लिम अशा समाजांची वस्ती आहे, एवढे सांगता येते. टक्केवारी सांगणारा अंदाजच सांगत असतो.

दौंडची लोकरचना समजून घ्यायची तर सुरुवात पाण्यापासून करावी लागते. खडकवासल्याहून येणारा उजवा कालवा, मुळा-मुठा आणि भीमा यांच्या काठाने यवत, केडगाव, राहू, पारगाव असा बागायती पट्टा उभा राहिला. तेथे ऊस आला, गुऱ्हाळे आली, पाटस येथे भीमा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. दक्षिणेकडच्या रोटी, कुसेगाव, जिरेगाव या बाजूची गावे मात्र पावसावर आणि जानाई-शिरसाई उपसा योजनेच्या आवर्तनावर अवलंबून राहिली. बागायतदाराचे राजकारण उसाचा पहिला हप्ता, सोसायटीचे कर्ज आणि कारखान्याचे संचालक मंडळ यांभोवती फिरते, तर जिरायत गावाचे राजकारण टँकर, चारा आणि आवर्तनाची तारीख यांभोवती. एकाच जातीची दोन कुटुंबे या दोन पट्ट्यांत राहत असतील, तर त्यांच्या मागण्या एकमेकांच्या विरोधात जाऊ शकतात, कारण वरच्या गावाने पाणी उचलले की शेवटच्या गावाला ते कमी पडते. पाण्याच्या या भेदाकडे दुर्लक्ष करून केवळ जातीचा नकाशा वाचणारा अभ्यासक दौंडमध्ये हमखास चुकतो.

दौंड शहराची घडण पुन्हा निराळी आहे. एकोणिसाव्या शतकात मनमाडकडे जाणारा लोहमार्ग येथे जोडला गेला आणि दौंड हे जंक्शन झाले. त्याबरोबर रेल्वेच्या वसाहती, देशाच्या विविध भागांतून आलेले कामगार, ख्रिस्ती, मुस्लिम आणि बौद्ध कुटुंबे यांची वस्ती वाढली आणि पुढे राज्य राखीव पोलीस दलाच्या दोन गटांचे तळही येथे आले. २०११ मध्ये सुमारे ४९ हजार लोकसंख्या असलेल्या या शहरातील नोकरदार मतदाराला कारखान्याच्या सभासदत्वाशी देणेघेणे नसते. त्याचा प्रश्न पिण्याच्या पाण्याचा, उड्डाणपुलाचा आणि पुण्याकडे जाणाऱ्या लोकलचा असतो.

एवढी विविध वस्ती असूनही दौंडचे विधानसभेचे राजकारण दीर्घ काळ दोन गटांत विभागलेले राहिले. २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ अशा लागोपाठ चार निवडणुकांत मुख्य लढत राहूचे राहुल कुल आणि खुटबावचे रमेश थोरात यांच्यातच झाली. २००९ मध्ये कुल राष्ट्रवादी काँग्रेसचे उमेदवार होते आणि अपक्ष थोरात विजयी झाले. २०१४ मध्ये कुल राष्ट्रीय समाज पक्षाकडून लढून निवडून आले आणि थोरात राष्ट्रवादीचे उमेदवार होते. २०१९ मध्ये कुल भारतीय जनता पक्षाचे उमेदवार झाले आणि अवघ्या ७४६ मतांनी जिंकले. २०२४ मध्ये थोरात राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाकडून उभे होते आणि कुल सुमारे १४ हजारांनी पुन्हा निवडून आले. २००९ नंतरच्या तिन्ही वेळा दोघांपैकी किमान एकाचे निवडणूक चिन्ह बदललेले होते, गट मात्र बहुतांशी टिकून होते. एका गटामागे भीमा कारखान्याची यंत्रणा होती, तर दुसऱ्यामागे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेतील दीर्घ वावर होता. तीन लाखांच्या आसपासचे मतदार आणि एका केंद्राला जास्तीत जास्त दीड हजार मतदार असे सढळ प्रमाण धरले, तरी दौंडमध्ये २०० हून कमी केंद्रे होऊ शकत नव्हती. म्हणजे २०१९ चा निकाल दर केंद्रामागे चार मतांच्याही आत ठरला. अशा निकालाचे श्रेय एखाद्या जातीला किंवा एखाद्या गावाला देणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

गटांच्या या सिद्धांतालाही २०२४ च्या मे महिन्यात जोराचा धक्का बसला. दौंड बारामती लोकसभा मतदारसंघात मोडते. २०१४ मध्ये राष्ट्रीय समाज पक्षाचे महादेव जानकर आणि २०१९ मध्ये भाजपच्या कांचन कुल या दोघांनीही येथे राष्ट्रवादीच्या सुप्रिया सुळे यांच्यावर आघाडी घेतली होती. २०२४ मध्ये कुल आणि थोरात हे दोन्ही परस्परविरोधी गट राष्ट्रवादीच्या अजित पवार गटाच्या उमेदवार सुनेत्रा पवार यांच्या बाजूने उभे होते. कागदावर पाहिले तर तालुक्यात विरोधी बाजू उरलीच नव्हती. प्रत्यक्षात दौंडने शरद पवार गटाच्या सुळे यांना वीस हजारांहून मोठी आघाडी दिली. सहाच महिन्यांत, नोव्हेंबरमध्ये, त्याच मतदारांनी भाजपचा आमदार निवडून दिला. या सहा महिन्यांत वस्ती बदलली नव्हती, जात बदलली नव्हती, कालव्याचे पाणीही बदलले नव्हते; बदलला होता तो मतदारापुढचा प्रश्न. कांद्यावरील निर्यातबंदीची झळ आणि राष्ट्रवादीतील फुटीची चीड यांवर मे महिन्यात मत दिले गेले, तर नोव्हेंबरमध्ये आमदाराची कामे, लाडकी बहीण योजनेचे खात्यात आलेले पैसे आणि गावातील गट यांना महत्त्व आले. लोकरचना ही माणसाचे हितसंबंध घडवते. त्यांपैकी कोणता हितसंबंध त्या दिवशी वरचढ ठरेल, हे ती सांगू शकत नाही.

येथे समाजशास्त्रातील एका जुन्या इशाऱ्याची आठवण ठेवणे आवश्यक आहे. अमेरिकन अभ्यासक विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये दाखवून दिले की, ज्या राज्यांत परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण जास्त होते तेथे साक्षरताही जास्त दिसत होती, पण व्यक्तिशः पाहिले तर परदेशात जन्मलेले लोक तुलनेने कमी साक्षर होते. ते फक्त अधिक साक्षर राज्यांत जाऊन स्थायिक झाले होते. समूहाच्या आकड्यांवरून व्यक्तीच्या वर्तनाचा निष्कर्ष काढण्याच्या या चुकीला परिसरनिष्ठ तर्कदोष म्हणता येईल. २०१४ मध्ये दौंडने राष्ट्रीय समाज पक्षाचा आमदार दिला तेव्हा, जानकर हे धनगर समाजाचे नेते असल्याने, हा विजय सरळ धनगर मतांचा म्हणून नोंदवणे सोपे होते. परंतु उमेदवार मराठा समाजातील होता, त्याच्यामागे घराण्याचा जुना गट आणि त्या हंगामात शिवसेनेपासून वेगळ्या झालेल्या भाजपची आणि त्याच्या मित्रपक्षांची मते होती, आणि नमुना २० मधील कोणतीही ओळ कोणत्या घराने कोणते बटण दाबले हे सांगत नाही. पुण्यात १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीचा सविस्तर अभ्यास करणारे पुणे विद्यापीठातील प्राध्यापक सिरसीकर यांच्यापासून ‘लोकनीती’ या संशोधन गटाच्या सर्वेक्षणांपर्यंत अभ्यासकांनी प्रत्यक्ष मतदाराला भेटून प्रश्न विचारण्याची जी कष्टाची वाट धरली, ती याच कारणाने.

शिरूरची गोष्ट रस्त्याभोवती फिरते. पुणे-अहिल्यानगर महामार्गावर कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर आणि रांजणगाव येथे कारखाने आले, अष्टविनायकातील महागणपतीचे गाव म्हणून ओळखले जाणारे रांजणगाव औद्योगिक वसाहतीचे गाव झाले आणि शेजारच्या कारेगाव, ढोकसांगवीत भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. या पट्ट्यापासून आत गेले की पाबळ-केंदूरकडे कोरडवाहू शेती लागते, तर चासकमान आणि घोडच्या कालव्यांखाली आणि भीमेकाठी न्हावरे, मांडवगण, वडगाव रासाई ही उसाची गावे. शिरूर शहर, म्हणजे जुने घोडनदी, ही छावणी आणि व्यापार यांतून वाढलेली बाजारपेठ असून तेथील नगरपालिकेच्या कारभारात जैन-मारवाडी व्यापारी कुटुंबांचा वाटा मोठा राहिला आहे.

२००८ च्या पुनर्रचनेने या तालुक्याचे राजकीय तुकडे झाले. पाबळ आणि टाकळी हाजी ही महसूल मंडळे आंबेगाव विधानसभा मतदारसंघाला जोडली गेली आणि शिरूर मतदारसंघात हवेली तालुक्यातील वाघोली, थेऊर, उरुळी कांचन हा भाग आला. कोरडवाहू गावे बाहेर गेली आणि पुण्याला खेटून असलेली, सोसायट्यांनी झपाट्याने भरत चाललेली गावे आत आली. वाघोली तर २०२१ मध्ये पुणे महापालिकेत समाविष्ट झाली. मतदारसंघाची सीमा ही लोकरचना घडवणारी गोष्ट आहे, हे सामान्य वाचकाच्या सहसा लक्षात येत नाही. जी वस्ती एका मतदारसंघात निर्णायक असते, तीच शेजारच्या मतदारसंघात टाकली की अल्पसंख्य होते. २०२४ मध्ये शिरूरमधून विजयी झालेले ज्ञानेश्वर कटके हे वाघोलीचे आहेत. पराभूत झालेले अशोक पवार हे वडगाव रासाईचे, त्यांच्या वडिलांच्या नावाने असलेल्या न्हावरे येथील घोडगंगा कारखान्याच्या राजकारणातले. तो कारखाना बंद पडल्याचा राग ऊसपट्ट्यात होताच, त्यात कटके यांना वाढलेल्या हवेली भागाचे संख्याबळ मिळाले. लोकसभेला शरद पवार गटाचे अमोल कोल्हे यांना आघाडी देणाऱ्या या मतदारसंघाने सहा महिन्यांत त्यांच्याच पक्षाच्या आमदाराला नाकारले. २००४ पासून शिरूरने एकाही आमदाराला लागोपाठ दुसऱ्यांदा निवडून दिलेले नाही : बाबूराव पाचर्णे, अशोक पवार, पुन्हा पाचर्णे, पुन्हा पवार आणि मग कटके. ज्या भागाचे मतदान एवढे हलते आहे, त्याला कोणत्याही पक्षाचा बालेकिल्ला म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही.

आता मतदानाच्या प्रमाणाकडे पाहू. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत शिरूर लोकसभा मतदारसंघात सुमारे ५४ टक्के आणि बारामतीत सुमारे ५९ टक्के मतदान झाले. या सरासरीच्या आत डोकावले तर खरे चित्र दिसते. शिरूर लोकसभेतील आंबेगावमध्ये ते साठ टक्क्यांच्या वर होते, शिरूर विधानसभा क्षेत्रात पंचावन्नच्या पुढे, तर भोसरी आणि हडपसर या शहरी भागांत पन्नाशीच्या आत. बारामतीकडेही दौंडने साठी गाठली आणि खडकवासला पन्नाशीच्या जवळ राहिला. जसजसे गाव मागे पडते आणि शहर जवळ येते तसतसे मतदान घटते, आणि हे प्रत्येक निवडणुकीत एवढ्या नियमाने घडते की त्याला योगायोग म्हणता येत नाही.

याची कारणे गावातील मतदानाचा दिवस पाहिला की कळतात. सकाळीच शाळेच्या आवाराबाहेर, ठरलेल्या अंतरावर, दोन्ही गटांची टेबले लागतात. यादीची चाळलेली प्रत समोर असते आणि मत देऊन आलेल्या प्रत्येक नावावर रेघ मारली जाते. दुपारच्या जेवणानंतर रेघ न पडलेली नावे मोजली जातात आणि मग ‘मळ्यातली मंडळी अजून आली नाहीत’, ‘पुण्याचे पोरगे निघाले का’ असे फोन सुरू होतात. ज्याचे नाव तसेच राहिले त्याच्या दारात कोणीतरी जातेच. ज्या मतदाराला गावातील चारजण नावाने ओळखतात त्याला घरी बसून राहणे अवघड असते. ग्रामपंचायत आणि सोसायटीच्या निवडणुकांनी ही यंत्रणा वर्षानुवर्षे घासूनपुसून तयार ठेवलेली असते. वाघोली किंवा हडपसरच्या बहुमजली सोसायटीत ही ओळखच नसते; तेथे कोणाच्या दारावर कोण जाणार, आणि गेले तरी दार उघडेल याची खात्री काय?

शहरातील कमी टक्केवारीचे सगळे खापर मतदाराच्या आळसावर फोडण्याची सवय मात्र सोडली पाहिजे. टक्केवारी काढताना छेदस्थानी यादीतील नावे असतात, आणि शहरालगतच्या याद्यांत घर बदलून गेलेल्यांची, दोन ठिकाणी नोंदलेल्यांची नावे साचून राहतात. उलट दिशेने पाहिले तर तिथे राहणाऱ्या अनेकांची नावे यादीत नसतातच. रांजणगावच्या कारखान्यात काम करणारा बीड, लातूर, बिहार किंवा उत्तर प्रदेशातील कामगार कारेगावात पाच-सात वर्षे राहतो, तेथील पाणी, रस्ता, दवाखाना वापरतो, भाडे देतो, पण त्याचे मत गावाकडेच राहते. त्यामुळे गावाची प्रत्यक्ष लोकरचना एक आणि मतदारयादीची लोकरचना दुसरी, अशी स्थिती निर्माण होते. ग्रामपंचायतीचा सदस्य ज्या मळ्यांवरून निवडून येतो त्या मळ्यांचे रस्ते होतात; खोल्यांच्या रांगांमधले सांडपाणी तसेच वाहत राहते, कारण तेथे राहणारा माणूस कोणाच्याही यादीत नसतो.

ऊसतोड कामगारांची अवस्था याहून बिकट आहे. ते बीड, अहिल्यानगर आणि लगतच्या जिल्ह्यांतून हंगामापुरते दौंड-शिरूरच्या फडांवर येतात. २०२४ चा गळीत हंगाम १५ नोव्हेंबरपासून आणि विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला होते. ज्यांनी उचल घेतलेली आहे त्यांना कोयता टाकून मतदानासाठी गावी परतणे किती शक्य होते, याचे उत्तर कोणत्याही टक्केवारीत मिळत नाही. मतदानाच्या दिवशी पगारी सुटी देण्याचे बंधन लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे आणि ते रोजंदारीवरील कामगारालाही लागू होते, पण दोनशे-तीनशे किलोमीटरचा प्रवास एका दिवसाच्या सुटीत होत नाही.

कायदा या लोकांच्या आड येत नाही, ही गोष्ट अधिक ठळकपणे सांगितली गेली पाहिजे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार यादीत नाव येण्यासाठी त्या जागी घर किंवा जमीन मालकीची असावी लागत नाही. माणूस तेथे सामान्यतः राहत असला म्हणजे पुरे. भाडेकरू, खोलीत चौघांनी मिळून राहणारा कामगार, लग्न होऊन आलेली सून, सोसायटीत नव्याने आलेले कुटुंब या सर्वांना हा हक्क आहे. नवीन नोंदणीसाठी नमुना ६ आणि पत्ता बदलल्यास नमुना ८ भरावा लागतो, आणि पूर्वी १८ वर्षे पूर्ण झाल्याची तारीख केवळ १ जानेवारी धरली जात असे, ती आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा धरली जाते. कारेगावच्या खोलीमालकांनी, सणसवाडीच्या कारखान्यांतील कामगार संघटनांनी आणि वाघोलीच्या सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांनी आपापल्या आवारातील यादी एकदा वाचून पाहावी, राहणाऱ्यांची नावे तिच्याशी ताडून पाहावीत आणि जी नसतील त्यांचे अर्ज केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे निवडणूक जाहीर होण्यापूर्वीच द्यावेत. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते.